मीठ कुणी घातलं

६ ऑक्टोबर २००३

खताच्या दुकानदाराने ह्यांना जानेवारीत दिलेली डायरी कोरीच पडून होती. आज ती मी घेतली. शिलाई मशीनच्या खणात ठेवीन, तिथं कुणी हात घालत नाही.

आज दूध उतू गेलं. दूध कुणाचंही जातं, त्यात काय, असं मीही म्हटलं असतं. पण मी गॅस बंद केला होता. बटण फिरवल्याचं माझ्या बोटांना आठवतंय. कपडे काढायला गच्चीवर गेले, खाली येते तर ओटाभर दूध, पातेल्याचं बूड काळं आणि गॅस भकाभका चालू. सासूबाई उंबऱ्याशी चहा पीत निवांत बसलेल्या.

"आत्याबाई, गॅस तुमी लावला का?"

"म्या? त्या चुलीच्या भावाला मी कशाला हात लावू? तूच इसारलीस. ध्यान न्हाई तुझं."

त्या म्हणाल्या म्हणजे तसंच असणार. आमच्या आत्याबाई, म्हणजे लंकाबाई, यांच्या डोक्याला अख्खं येडगाव मान देतं. कुणाची म्हैस कधी व्याली, कुणाच्या लग्नात कुणी काय आहेर केला, सगळं तोंडपाठ. तेव्हा चूक त्यांची नाही. चूक माझीच, आणि मला ती आठवत नाही. ह्याचीच भीती वाटते.

९ ऑक्टोबर

आमटी खारट झाली. खारट म्हणजे जिभेवर धरवेना अशी. ह्यांनी एक भुरका मारला आणि वाटी बाजूला सारली. श्रेया गटागटा पाणी प्यायली.

"दोनदा मीठ घातलं हिनं," आत्याबाई म्हणाल्या. "दादाभाऊ, तुझी बायकू अलीकडं कुठं असती कुणास ठावं."

ह्यांनी कोरडी भाकरी पाण्याबरोबर संपवली. 

लिहूनच टाकते. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आण्याला, माझ्या माहेरी, आजी रोज सांगायची, साळूनं मीठ दोनदा घातलं, साळूनं दाराची कडी लावली नाही, साळूचं डोकं फिरलं. मग एक दिवस वडील आईला म्हणाले, चार दिवस माहेरी जा, इसावा घे. पोरगी राहू दे, तिची शाळा बुडंल. मी तिसरीत होते. ते चार दिवस कधी संपलेच नाहीत. आई तिच्या भावाच्या गोठ्याशेजारच्या खोलीत राहिली आणि तिथंच गेली. तिकडची पोरं तिला येडी साळू म्हणायची.

श्रेया आता तिसरीत आहे.

१८ ऑक्टोबर

आज शेजारच्या अंबाबाई कांद्याचं बी न्यायला आल्या. आमच्या घरचं बी विकायचं नाही, ही आत्याबाईंच्या सासूपासूनची रीत. मागणारीच्या ओटीत घालायचं, आणि तिचं बी धरलं की तिनं तेवढंच परत आणून द्यायचं. राखेत कालवलेलं, शेणमातीनं तोंड लिंपलेलं बी दोन मडक्यांत असतं. एकात पावसाळी लाल कांद्याचं, दुसऱ्यात उन्हाळी गरव्याचं. दाणा दोन्हीचा सारखाच काळा. कुठलं मडकं कशाचं हे फक्त आत्याबाईंना ठाऊक. खूण करून ठेवा म्हटलं तर त्यांना राग येतो. माझं डोस्कं काय भाड्यानं दिलंय का, म्हणतात.

"कोपऱ्यातल्या मडक्यातलं दे," त्या म्हणाल्या. थोडा वेळ दोन्ही मडक्यांकडे बघत उभ्या होत्या. मग पुन्हा म्हणाल्या, "कोपऱ्यातलंच." मी कोपऱ्यातलं दिलं.

एवढं काम बिनचूक झालं म्हणून बरं वाटलं.

२६ ऑक्टोबर

पाडवा झाला. करंज्या जमल्या, चिवडा जळाला नाही. आत्याबाई मात्र हळव्या झाल्यात. श्रेयाला तीनदा "कमळ" म्हणून हाक मारली. कमळ म्हणजे ह्यांची बहीण, लहानपणीच साप चावून गेलेली. सणाला गेलेली माणसं आठवतात, त्याला काय करणार.

धरण झालं तेव्हा जुनं गाव कसं हललं, मारुती बैलगाडीतून कसा आणला, ती गोष्ट त्यांनी जेवताना सांगितली. मग पान खाताना सांगितली. मग मी भांडी घासताना शेजारी येऊन बसल्या आणि सांगू लागल्या. मी हातातली राख तशीच धरून ऐकत राहिले. ही गोष्ट मी मघाशी ऐकली का, की मला तसा भास होतोय? विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं तर घरभर झालं असतं, जयाला भास होतात.

११ नोव्हेंबर

कपाटाची किल्ली ज्वारीच्या कणगीत सापडली. मी तिथं ठेवली म्हणे. मला आठवत नाही. मला काहीच आठवत नाही.

संध्याकाळी गोठ्याकडं जाताना किल्ली मुठीत धरली होती. कॅनॉलच्या बाजूच्या उसात बिबट्या आहे, वनखात्यानं पिंजरा लावलाय, त्यामुळे सगळं गाव दिवेलागणीला घरात जाऊन कडी लावतं. मला वाटलं, त्यांचं बरं आहे. त्यांची भीती कडीबाहेर राहते.

१४ नोव्हेंबर

ब्लाऊजचं अस्तर आणायचं सांगून नारायणगावला गेले आणि डॉक्टरीण बाईंकडे गेले. म्हाताऱ्या आहेत, चष्म्यावरून बघतात. त्यांच्यासमोर मला रडू आलं. आईचंही सांगितलं.

त्यांनी पाच शब्द सांगितले. चिमणी, कात्री, जांभूळ, रेल्वे, उशी. मग माझ्या माहेरचं, शिवणाचं, पाळीचं बोलत बसल्या आणि अचानक म्हणाल्या, सांगा ते शब्द. मी सांगितले. पाचही. हसल्या. मी म्हटलं, बाई, सोपे होते म्हणून आले. कात्री तर माझ्या रोजच्या हातातली.

"ब्लाऊजची मापं लिहून ठेवता का?"

"नाही. ध्यानातच असतात की. चाळीसेक बायका आहेत."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, तुम्हाला आजार नाही, तुम्हाला धास्ती बसली आहे. धास्तीनं झोप उडते, झोप उडाली की मेंदू दमतो, आणि दमलेला मेंदू हातातली वस्तूही शोधत बसतो. रात्री पुरती झोप, दिवसा थोडं चालणं, कुणाशी तरी मन मोकळं करणं, रोज काहीतरी नवीन डोक्याला लावणं. गोळी दिली नाही. पाच शब्दांचा खेळ घरी सगळ्यांनी मिळून खेळा म्हणाल्या.

निघताना विचारलं, घरात अजून कोण कोण असतं? मी सांगितलं. म्हणाल्या, सासूबाईंना एकदा घेऊन या, रक्तदाब बघू.

मी बरं म्हटलं. पण त्यांना काय धाड भरलीये? डॉक्टरीण बाईंना माझं काही कळलेलं नाही, असंच मला येताना एसटीत वाटत राहिलं.

२० नोव्हेंबर

खेळ सुरू केलाय. श्रेया सगळ्यांत हुशार, पाचही शब्द पोपटासारखे म्हणते. मला पाच, कधी चार. आत्याबाईंची पाळी आली की त्या म्हणतात, "हं, तेच की, पोरीनं म्हटलं तेच." आज श्रेया म्हणाली, "आजी, तू आधी सांग." तर त्या एकदम भडकल्या. "मी काय बालवाडीत हाय का? आता माझी परीक्षा घ्यायची ऱ्हायली व्हती." आणि उठून गेल्या. देवघरापाशी जाऊन उगाच वाती वळत बसल्या.

त्यांचं खेळात मन लागत नाही. मोठ्या माणसाला कसं लागेल. मी उगाच त्यांना दुखावलं.

१९ डिसेंबर

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण बरं होतं. दुपारी आम्ही दोघी धरणाच्या रस्त्याने फिरून येतो. आत्याबाईंना एकटीनं जायला आवडत नाही, माझा पदर धरून चालतात. बिबट्याचं भ्या वाटतं म्हणतात. भरदुपारी कुठला बिबट्या, असं मी चिडवलं, तर हसल्या नाहीत. झोप लागते आहे. श्रेयाकडून इंग्रजी महिने शिकले, डिसेंबरपासून उलटे सुद्धा म्हणून दाखवले.

ह्यांच्याशी मात्र मोकळं बोलता येत नाही. डेअरीवरून येतात, टीव्ही लावतात. मी डॉक्टरकडे गेले हे सांगितलं तर त्यांना काय ऐकू येईल? बायको वेड्याच्या डॉक्टरकडे गेली.

२४ फेब्रुवारी २००४

नव्या डायरीत पहिलंच पान हे लिहायचं होतं का.

अंबाबाई सकाळी दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात कांद्याच्या दोन पाती, दोन्हींना मधोमध डेंगळा, फुलाचा गोंडा धरायला लागलेला. अख्ख्या वावरात असंच आहे. डेंगळा आला की कांदा पोसत नाही आणि साठवणीच्या चाळीत टिकत नाही. गरव्याच्या जागी लाल कांद्याचं बी गेलं, हे शेतकऱ्याच्या लहान पोराला पण कळतं.

"लंकाबाई, तुमच्या घरच्या बियानं असं कधी झालं न्हाई," त्या म्हणाल्या. भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं.

"मी हिला खिडकीकडलं मडकं सांगितलं व्हतं," आत्याबाई म्हणाल्या. "हिनं कोपऱ्यातलं दिलं."

 त्यांनी कोपऱ्यातलं म्हटलं होतं असं मला वाटतं. पण मला वाटतं याला आता काय किंमत? गेल्या वर्षीची डायरी खणातच आहे. ती काढून बघायची हिंमत नाही. त्यात मी काय काय लिहून ठेवलं असेल, आणि त्यातलं काय खरं असेल?

दुपारपर्यंत आळीत झालं. पाण्याच्या टाकीपाशी गेले तर बोलणं थांबलं. मागून एक जण हळूच म्हणालीच, "आईचंबी असंच व्हतं म्हणं."

२ मार्च

आज हे माझ्याजवळ बसले. टीव्ही बंद होता. 

"तू लई दमलीस," म्हणाले. आवाज मायेचा होता, खोटं कशाला बोलू. "चार दिवस आण्याला जाऊन ये. भाऊ-भावजय हायेत. जरा इसावा घे."

"आणि श्रेया?"

"तिची शाळा हाय ना. आये बघंल तिच्याकडं."

तेच शब्द. ह्यांना माहीत नाही की मी हे शब्द दाराआडून एकदा ऐकले आहेत. मी ओरडले नाही. ओरडले असते तर तेही मोजलं गेलं असतं. नुसती मान हलवली. श्रेयाच्या वेण्या घालताना हात इतके कापत होते की ती म्हणाली, मम्मी, थंडी वाजतीये का तुला?

५ मार्च

उद्या सकाळी जायचं होतं. बॅग भरून दाराशी ठेवली होती. आता जे झालं ते नीट, ओळीनं लिहिते. माझा हात आज स्थिर आहे.

दिवेलागणीला श्रेया अभ्यासाला बसली. आत्याबाई दिसेनात. न्हाणीत नाहीत, गोठ्यात नाहीत, अंबाबाईंकडे नाहीत. हे डेअरीवर. अंबाबाईंना श्रेयापाशी बसवलं, टॉर्च कमरेला खोचली, ताट आणि लाटणं घेतलं आणि निघाले. बिबट्याच्या भीतीनं हल्ली सगळे असंच ताट वाजवत जातात.

कॅनॉलकडच्या गाडीवाटेला लागले. दोन्ही बाजूंना ऊस, डोक्याच्या वर गेलेला. ताट बडवत, "आत्याबाई, आत्याबाई" ओरडत चालले होते. मधेच उसात काहीतरी सळसळलं. मागं फिरावंसं वाटलं. खरंच वाटलं. मग पुढं कॅनॉलवरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर पांढरं काहीतरी दिसलं.

आत्याबाई बसल्या होत्या. एका पायात चप्पल नाही. मांडीवर श्रेयाचा जुना डबा, दोन्ही हातांनी धरलेला.

"बाई," त्या मला म्हणाल्या, "हिकडली शाळा कुठं गेली वो? माझी कमळ सुटली आसंल. भाकर आणलीये तिला. लई येळ झाला चालतेय, वाटच घावंना."

मी टॉर्च माझ्याच तोंडावर धरली. "मी जया."

"कुणाची गं तू? चांगल्या घरची दिसती." त्यांनी माझं मनगट धरलं आणि जवळ ओढलं. "आमच्या घरी सांगू नको, मी वाट इसारले म्हणून. सुनंला तर आजाबात न्हाई. काय चुकलं की मी तिच्यावर ढकलते. ती गरीब हाय, बोलत न्हाई. पण एकदा का कळलं, तर मला माहेरी नेऊन घालतील. तिथं आता कोन हाय माझं?"

मला आधी काय वाटलं तेच लिहिते. आनंद झाला. मी वेडी नाही, मी वेडी नाही, एवढंच डोक्यात वाजत होतं. त्याच्या मागोमाग असा राग आला की तो हात झटकून निघून जावं. ऑक्टोबरपासून मी मेलेल्यासारखी जगते आहे, आणि ह्या बाईला ठाऊक होतं.

पण तो हात कापत होता. परवा श्रेयाच्या वेण्या घालताना माझा कापत होता, अगदी तसाच.

"न्हाई सांगत," मी म्हटलं. "चला, शाळा ह्याच वाटेला आहे."

माझी एक चप्पल त्यांना घातली. येताना ताट त्यांनी वाजवलं.

हे दारातच उभे होते. बॅगेशेजारी. सांगणार नाही म्हटलं होतं, तरी ह्यांना सगळं सांगितलं, गॅस, किल्ली, मडकं. ते म्हणाले, "आये? गावाचं सगळं जिच्या डोस्क्यात, ती?" तेवढ्यात आतून हाक आली, "दादाभाऊ, कमळ आली का रं शाळेतनं?" ते तिथंच पायरीवर बसले.

मग म्हणाले, "चार दिवस मावशीकडं ठेवू तिला. इसावा मिळंल."

माझा आवाज कधी एवढा चढला नव्हता. "ह्या घरातनं कुणीबी चार दिवसांसाठी कुठं जायाचं न्हाई," मी म्हटलं. "ती न्हाई, मी न्हाई. मला पुन्हा सांगू नका."

बॅग उचलून आत नेली आणि साड्या परत कपाटात लावल्या. किल्ली गळ्यात अडकवली.

१३ मार्च

आत्याबाईंना नारायणगावला नेलं. डॉक्टरीण बाईंनी त्यांनाही पाच शब्द सांगितले. आत्याबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, परीक्षेत शेजारणीकडे बघतात तशा. रक्तदाब खूप होता, बरीच वर्षं असणार म्हणाल्या. त्याची गोळी दिली. पुढं पुण्याला तपासणी करायची आहे. गेलेलं परत आणायचं औषध नाही, पण असलेलं जपता येतं, म्हणाल्या. झोप, चालणं, माणसांत राहणं, हाताला रोजचं काम. आणि चूक दाखवून वाद घालायचा नाही, त्यानं त्या घाबरतात. घाबरल्या की आणखी हरवतात.

ते मला कुणी सांगायला नको.

१७ मार्च

मडकी दोन्ही अंगणात आणली. आत्याबाई बी चिमटीत धरतात, वास घेतात, दाताखाली फोडतात. सांगू शकत नाहीत. मग मध्येच एकदम, "अगं, गरवा उन्हाळ्यात धरतो, डेंगळे वळतात तेव्हा मी लाल लुगडं नेसते," असं काहीतरी धागा धरून सांगत सुटतात. मी ऐकते. तिसऱ्यांदा सांगितलं तरी ऐकते. आता मला भास होत नाही.

अंबाबाईंनी विचारलं, नेमकं चुकलं कुणाचं? मी म्हटलं, घराचं. बी घरच भरून देईल.

जुनी डायरी काढून वाचली. १८ ऑक्टोबरचं पान वाचलं. कोपऱ्यातलंच म्हणाल्या होत्या. मग मागं ९ तारखेपर्यंत गेले आणि तिथंच बसून राहिले. माझ्या माहेरच्या घरातही तेव्हा आजी होती. रोज सांगायची, साळूनं मीठ दोनदा घातलं. आईनं खरंच घातलं होतं का? हे विचारायला आता दोघींतली एकही उरलेली नाही. ह्या विचारानं जेवढी भीती वाटली तेवढी उसातही वाटली नव्हती.

२१ मार्च

भीती गेली असं नाही. पूर्वी स्वतःची वाटायची, आता आत्याबाईंची वाटते. गॅसचा कॉक रात्री तपासते, दाराला वरची कडी लावली आहे. श्रेया आजीचा हात धरून फिरायला जाते, कमळ म्हटलं तरी ओ देते. कुणी शिकवलं नाही तिला.

आज मी पाणी भरून आत आले तर आत्याबाई चुलीपाशी उभ्या होत्या, मुठीत काहीतरी होतं. मी दिसताच त्यांनी हात पदराला पुसला. मी घागर उतरवून ठेवली.

जेवायला बसलो. पहिला भुरका मारला आणि श्रेयानं माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच गप्प केलं.

"दादाभाऊ," आत्याबाई म्हणाल्या, "जयानं बग आज पुन्यांदा दोनदा मीठ घातलं."

ह्यांनी आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"व्हय आत्याबाई," मी म्हटलं. "पडलं खरं माझ्या हातनं जास्त."

हे खाली मान घालून जेवत राहिले. भाकरी चुरली, आमटीत कालवली, सगळी संपवली. मग वाटी माझ्यापुढं केली आणि म्हणाले, "वाढ अजून."